‘मिस’ म्हणजे

नाहूर, ४ जानेवारी २०२४

चि. सौ. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू हसशील, पण शेजारच्या सिंथियाकडे मी इंग्रजी शिकते आहे. नात मराठीचं एक अक्षर लिहीत नाही, म्हणून म्हातारपणी हे थेर. परवा ‘मिस’ हे क्रियापद झालं. मिस करणं म्हणजे आठवण येणं.

काल बंगळुरूहून गार्गीचं पत्र आलं. पहिल्यांदाच मी कुणाला न विचारता वाचलं. ‘आय वोन्ट मिस आजोबाज बर्थडे.’ वोन्ट म्हणजे नाही. आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची हिला आठवणसुद्धा येणार नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली, आणि ही असं लिहिते. सिद्धेशने शिकवल्याशिवाय पोरगी असं लिहील का? मी त्याला तडक उत्तर टाकलं, की मनात नसेल तर येऊ नका. ह्यांनाही सांगून टाकलं, तुमचा मुलगा येत नाही. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आहेत.

लोभ आहेच, तो घेऊन एकदा ये.
तुझी,
रत्नप्रभाताई

बोरिवली, ९ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काय करून बसलीस गं. फोन लावला तर तुला ऐकू येईना, ‘बरं बरं’ म्हणून ठेवून दिलास. अगं, मिस म्हणजे चुकणंसुद्धा. बस मिस झाली म्हणतो ना आपण? पोर लिहिते आहे, आजोबांचा वाढदिवस मी चुकवणार नाही. तिकिटं काढली होती त्यांनी, तुझ्या पत्रानंतर रद्द केली. सिद्धेशला मी समजावलंय, तो निघेल. तू आधी भाऊजींना सांग. माझा गुडघा बांधलाय, नाहीतर आजच आले असते.

धाकटीचा लोभ गृहीत धर.
मृणालिनी

नाहूर, २४ जानेवारी

चि. सौ. मृणालिनीस,
आशीर्वाद.

ह्यांचं तुला कळलंच. तुझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. पाकिटावर माझ्या नावाआधी ‘सौ.’ होतं. शेवटचे चार दिवस त्यांनी चमचाभर पेजही घेतली नाही.

सिद्धेश पोहोचला तो अग्नी द्यायलाच. काल त्याने कागदावर लिहून विचारलं, बाबांना काय सांगितलं होतंस? मी खाली लिहिलं, तुम्ही निघालात म्हणून. तो खूप रडला. मग त्याने लिहिलं, निदान आनंदात गेले.

खरं काय ते फक्त तुला ठाऊक आहे. मला सहन होत नाही आणि त्याला सांगवत नाही. हवं तेवढं रागव, पण माझ्यावरचा लोभ काढून घेऊ नकोस.

ताई