बेटाची माझी बाजू

३ जुलै १९३४
बोट आम्हाला सोडून गेली. आम्ही म्हणजे मी, तोरगेइर, मुख्य सर्व्हेअर. आणि एइलिफ, मदतनीस. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या पूर्वेचं हे बेट लहान. माणूस नाही, झाड नाही. मधोमध एक डोंगर. बोट ऑगस्टअखेर परत येईल. तोवर पूर्ण नकाशा. शिवाय रोज सकाळी व्यायाम.

५ जुलै
व्यायाम उद्यापासून. डोंगराला माझं नाव द्यायचं ठरवलं. एइलिफ हसला. म्हणाला, "याला डोंगर म्हणतोस, तोरगेइर? आमच्या गोठ्याचं छप्पर याहून उंच आहे." मी त्याला त्याची पायरी दाखवली. तो तंबू उचलून डोंगरापलीकडे गेला. आता उत्तर त्याची, दक्षिण माझी. बरं झालं. मला एकांत लागतोच.

९ जुलै
धुकं. स्टोव्ह तो घेऊन गेला, पण कॉफी माझ्याकडे आहे. येईल नाक घासत. वाहून आलेले ओंडके पेटत नाहीत. सुका कॉड मासा तसाच चावला. तब्येतीला उत्तम.

१४ जुलै
धुकं. एइलिफ आला. बाहेरून हाका: "तोरगेइर, ऊठ ना. महत्त्वाचं बोलायचंय." मी घोरत राहिलो. एका हाकेत विरघळणारा मी नव्हे. तो बराच वेळ थांबला, मग गेला. उद्या येईल तेव्हा माफ करीन. दोन कप धुऊन ठेवलेत.

१५ जुलै
आला नाही. कप पुन्हा धुतले.

२२ जुलै
धुकं विरलं. एइलिफ डोंगरमाथ्यावर उभा, माझ्याकडेच बघत. मी हात केला नाही. दुपारभर तो हलला नाही. भलता हट्टी.

३० जुलै
दक्षिण किनारा कागदावर उतरला. एका खाडीला एइलिफचं नाव दिलं. खाडी अगदीच छोटी आहे, त्याच्या डोक्यात हवा जायला नको.

८ ऑगस्ट
तो वरच उभा. मी "कॉफी!" असं ओरडलो. त्याला उद्देशून नव्हे; बरेच दिवस बोललो नव्हतो, घसा मोकळा केला. वाराही उलटा होता.

१९ ऑगस्ट
उद्या सहज फिरत पलीकडे जाईन. नकाशासाठी.

२० ऑगस्ट
बर्फ पडतंय. आणि आधी त्याने यायला हवं.

२९ ऑगस्ट
बोट आली. कप्तान सिगवाल्ड किनाऱ्यावर उतरला. मी म्हणालो, आधी पलीकडून एइलिफला घ्या.
तो म्हणाला, "एइलिफ? तो जुलैतच घरी गेला की. दाढ सुजली होती बिचाऱ्याची. सीलच्या शिकाऱ्यांची बोट धुक्यात पलीकडे लागली, तिच्यातून गेला. म्हणाला, तोरगेइरला विचारायला गेलो होतो, येतोस का म्हणून. पण गाढ झोपला होता, मग नाही उठवला."
मी म्हणालो, हो, दमलो होतो.
सिगवाल्डने पाइप पेटवला. म्हणाला, हा संपला की निघू.
वर चढलो. माथ्यावर माणसाएवढा दगडांचा ढीग, एइलिफने मोजणीची खूण म्हणून रचलेला. पलीकडे उतरलो. तिथे तंबूचा चौकोन, आत गवत दबलेलं. तिथे थोडा वेळ बसलो.
परत आलो तेव्हा पाइप अजून चालूच होता.