हरणाबाईंचं इन्सुलिन

१२ मार्च
तपासणी याच आठवड्यात. कराडच्या एका मेडिकलवाल्याचा फोन आला. दुकानाची रजिस्टर्ड फार्मासिस्ट मी, म्हणजे जबाबदारी माझी. मुदत संपलेला माल वेगळा काढला. फ्रिज चार अंशांवर.

वरच्या कप्प्यात आळीतल्या हरणाबाईंचं इन्सुलिन. मुलगा फौजेत, म्हणून लष्करी दवाखान्यातून फुकट मिळतं. प्रत्येक बाटलीवर शिक्का — विक्रीसाठी नाही. असं औषध खाजगी दुकानात सापडलं तर चोरीचा माल समजतात. लायसन्स जाऊ शकतं.

मालक दिलावरचाचा म्हणाले, “राहू दे गं. लाइट गेली की आळीत आपलाच फ्रिज चालतो.”

नियमात आळी नाही.

१३ मार्च
तपासणीचं सांगून बाटल्या परत दिल्या. माठाजवळ, ओल्या फडक्यात ठेवा, बर्फात नको — दोनदा सांगितलं.
“आगं, पत्र्याखाली मीच शिजतीया. औषिद काय टिकतंय?”
उत्तर माहीत होतं. फडकं भिजवून बाटल्यांभोवती गुंडाळलं.

१५ मार्च
औषध निरीक्षक आल्या. उत्कर्षा मॅडम, माझ्याच वयाच्या. बिलं, झोपेच्या गोळ्यांची नोंद, फ्रिज — सगळं ठीक. पेनाला टोपण लावत होत्या, तेवढ्यात हरणाबाई स्टीलचा डबा घेऊन दारात!

“गेला का गं त्यो साहेब? मग ठिव की ह्ये आत.”

साहेब बाई असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. मॅडमनी डबा उघडला. शिक्का वाचला.
“हे इथं ठेवता?”
चाचा म्हणाले, “पहिल्यांदाच बघतोय.”
मॅडम माझ्याकडे वळल्या.
“जानेवारीपासून,” मी म्हणाले. “वरच्या कप्प्यात. परवा मीच परत दिलं. विकलेलं नाही.”
चाचा पंख्याकडे बघत राहिले. हरणाबाई मॅडमना म्हणाल्या, “आवं बाई, ही लय खरं बोलती. हिचं लगीन कसं व्हायाचं!”

दुकान बंद करताना चाचा एवढंच — “खरं बोलायचंच होतं तर जरा हळू तरी बोलायचं.”

२ एप्रिल
नोटीस आली. उत्तर मी लिहिलं. चाचांनी न वाचता सही केली.

१९ एप्रिल
हरणाबाईंची साखर चारशेवर. डोस तोच. पूर्वी दोनशेच्या आत असायची. डॉक्टरांनी खाण्यावरून झापलं. खाण्याचा दोष नाही — औषध उन्हानं गेलंय. पुढच्या बाटल्या महिनाअखेरीस मिळतील.

६ मे
लायसन्स आठवडाभर निलंबित. आदेश दोनदा वाचला. मनाई विक्रीला आहे, ठेवायला नाही. मालासाठी फ्रिज चालूच ठेवायचा. शटर अर्धं उचललं, हरणाबाईंना हाक मारली. नव्या बाटल्या वरच्या कप्प्यात. चाचांना सांगितलेलं नाही.