नकाशावरचं पडीक

सर,

मी काढलेला नकाशा अजून तुमच्या विभागात भिंतीवर आहे. माझी नात आता तिथंच ग्रामीण विकासाचं एम.ए. करते. परवा तिनं मोबाइलवर त्याचा फोटो आणला, गावाच्या पश्चिमेचा माळ दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "आजोबा, इथं 'पडीक' लिहिलंय. पणजोबांची मेंढरं तर इथंच चरायची ना? मग हे कुणी लिहिलं?" मी उत्तर दिलं. काय दिलं ते शेवटी सांगतो. आधी तुमच्याशी भांडून घेतो, कारण तुम्ही हयात होतात तेव्हा माझी छाती झाली नाही.

तुमची पद्धत मला अजून पाठ आहे. आधी शिवारफेरी, मग देवळापुढच्या सारवलेल्या जागेत गावकऱ्यांनीच रांगोळीनं आपलं गाव काढायचं. घरांना खडे, विहिरींना ज्वारीचे दाणे, झाडांना लिंबाचा पाला. रांगोळी गावाच्या हातात, वही आपल्या. शाळेतल्या कवितांनी वेडा झालेला मुलगा मी, मला तो खेळच एक कविता वाटायचा. तसं वर्गात बोललोही, तर तुम्ही म्हणालात, "कवी, यमकं नंतर जुळवा, आधी बांध जुळवा." सगळे हसले. मीही हसलो. एवढी वर्षं झाली, पण ते हसू अजून कुसळासारखं रुतून आहे.

माझ्याच गावाचा नकाशा करायला आपण गेलो ते माघात. धनगरवाड्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं खाली उतरतात, पाऊस झाला की परततात. हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नसेल, पण मला होतं; मी त्याच वाड्यावर जन्मलो होतो. रांगोळीभोवती उभे होते ते सगळे विहीरवाले, ऊसवाले. पश्चिमेच्या माळावर त्यांच्यातल्या कुणीच काही ठेवलं नाही, ना खडा, ना दाणा. तेवढा चौकोन कोरा राहिला. कागदावर नकाशा पक्का झाला तेव्हा त्या चौकोनात 'पडीक' आलं. तुम्ही तो जिल्ह्याला पाठवलात आणि पुढल्या वर्षी झाडं लावण्यासाठी माळाभोवती चर खणला गेला. मेंढरू ओलांडणार नाही एवढा रुंद.

पावसानंतर माझे वडील, आबा, परतले, चर बघितला, गावात नकाशाचं ऐकलं आणि एसटीनं थेट सोलापूर गाठलं. खांद्यावर घोंगडं. विभागाच्या दारात चपला काढून ते आत आले, तुम्हालाही आठवत असेल.

"मास्तर, पडीक म्हंजी काय वो?"

"जिचा उपयोग होत नाही ती जमीन."

"कुणाला?"

"गावाला."

"मग आमी गावात न्हाय व्हय?"

तुम्ही त्यांच्यापुढं खुर्ची सरकवलीत.

"कुनी लिवलं हे? माजं पोरगं हितंच शिकतंय की. त्यानं सांगितलं न्हाय?"

मी खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडं बघत होतो. तुम्ही म्हणालात, "मीच लिहिलं."

आबांनी तुम्हाला नीट न्याहाळलं. "लई शिकलाय जणू," म्हणाले, आणि घोंगडं झटकून निघून गेले.

मेंढरं विकली त्यांनी. पुढं माझ्या सोलापुरातल्या दोन खोल्यांत राहायला आले, पण गादीवर कधी निजले नाहीत, गॅलरीत घोंगडं अंथरायचे. जेवताना "तुझा त्यो मास्तर" म्हणून तुमचा उद्धार चालायचा आणि मी त्यांना भाकरी वाढायचो. माळावरची झाडं दोन उन्हाळ्यांत जळाली. आता तिथं नुसती वेडी बाभूळ आहे. आणि तुम्ही तो नकाशा 'आदर्श' म्हणून टांगलात! कशासाठी, सर? मी रोज त्याच्याखालून जावं म्हणून?

तुमचं हे मोठेपण मला कधीच पचलं नाही. त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात तर मला बोलावं लागलं असतं. आबांनी तिथंच एक कानफटात ठेवून दिली असती आणि संध्याकाळी आम्ही एका ताटात जेवलो असतो. तुम्ही मला वाचवलंत, आणि तिथंच बुडवलंत.

कारण तो शब्द माझा होता. कवितेतलं कुरण नेहमी हिरवंगार, त्यातून झरा वाहणारा. आमचा माळ माघात करपलेला, तांबडा. त्या कोऱ्या चौकोनात मला झाडी दिसली, पाखरं दिसली आणि तसं व्हावं म्हणून मी शाईनं, वळणदार अक्षरात, पडीक लिहिलं. तुम्ही तांबडी पेन्सिल तिथंच टेकवून विचारलं होतं, "इथं कोण चारतं?" "कोणी नाही, सर," मी म्हणालो. त्या दिवशी माळावर खरंच कोणी नव्हतं.

नातीला मी सांगितलं, "आमच्या सरांनी लिहिलं." तिनं ते वहीत टिपून घेतलं. मग फोटो पुन्हा मोठा करून म्हणाली, "अक्षर किती छान होतं हो त्यांचं!"

हे पत्र तिच्या वहीत ठेवावं म्हणून लिहायला बसलो होतो. आता ठेवत नाही. अक्षर छान म्हणाली ना, तेव्हा मला बरं वाटलं, सर.