कडेला चटका, मधे गार

१२ जानेवारी, रवि. धार
मायक्रोवेव्ह बसवला. शेगडी होती तिथेच, ओट्यावर. शेगडी माळ्यावर टाकली, रेग्युलेटर माझ्या पिशवीत. देवासला घेऊन जाणार. दिवाळीपासून वडिलांकडून दोनदा गॅस चालू राहिला. दुसऱ्यांदा तर दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं, शेजारच्या गीताभाभींना वास आला म्हणून निभावलं. हे यंत्र निदान आपलं आपण बंद होतं. एवढा एकच गुण बघून घेतलाय.

नाना खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "स्वयंपाकघरातून विस्तवच काढून नेलास. आता राहिलं काय?"

मी वायर खोचली. आई असती तर दोघांनाही गप्प केलं असतं तिने.

नेलपॉलिशचा लाल ठिपका ज्या बटणावर, तेवढंच दाबायचं. एकदा दाबलं की थोडं गरम, पुन्हा दाबलं की आणखी. स्टीलचं भांडं आत ठेवायचं नाही, झाकण घट्ट लावायचं नाही, रिकामा चालवायचा नाही. तीनदा सांगितलं. "मी ओव्हरसियर होतो, पूल बांधलेत," म्हणाले. बरं.

फ्रिजमध्ये डबे भरून ठेवले. वरण, खिचडी, दुधी. बसमध्ये उभीच. इंदूरला दुसरी बस, तिथेही उभीच.

१३ जाने., सोम. देवास
ऑफिसात डोळे मिटत होते. संध्याकाळी श्रीचा फोन, बेंगळुरूहून. माझा धाकटा भाऊ, वर्षातून दोनदा येतो आणि फोनवर रोज निर्णय घेतो. म्हणे हा शेवटचा प्रयोग. आणखी काही झालं तर धारचं घर विकायचं आणि नानांना पुण्याला, चांगली व्यवस्था आहे, डॉक्टर असतात, भजन असतं.

"त्यांना विचारलंस?"

"ताई, तू किती दिवस करणार आहेस हे?"

पोळीवाली ठेवून झाली, तिला नानांनी कणकेवर व्याख्यान दिलं, ती गेली. बाहेरून डबा लावला तर त्यात कांदा-लसूण येतो, तो परत. देवासला माझ्याकडे येत नाहीत. "देव्हारा हलवायचा नाही." संपलं.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगूळ केला नाही, विकतचा आणला. नानांना फोन. पहिला दिवस नीट गेला. वरण गरम झालं म्हणे. "घरघर करतं आणि मग घंटा वाजवतं." आवाजात जरा कौतुक होतं की काय.

१५ जाने., बुध.
दुपारी गीताभाभींचा फोन. "दीदी, घबराना मत, बाबूजी ठीक हैं. बस अंदर से चट-चट आवाज आ रही थी और नीली चिंगारी."

नवऱ्याला, दिलीपरावांना, कळवलं, ते म्हणाले संध्याकाळी गाडी काढू, पण त्यांची फॅक्टरीत दुसरी पाळी. मी नानांशी फोनवर बोलले. स्टील ठेवलं नव्हतं. चांदीची वाटी ठेवली होती. नैवेद्याची.

"चांदी म्हणजे स्टील नव्हे," म्हणाले.

मी सांगताना स्टील म्हणाले हे खरं. चांदी कोण ठेवेल असं वाटलं नव्हतं. पण आमच्या घरात तेच ठेवणार ना. देवाला रोज ताज्या भाताचा नैवेद्य, मूठभर का होईना, आणि तो शिळ्यातला चालत नाही, म्हणून त्यांनी धुतलेले तांदूळ आणि पाणी थेट वाटीतच घालून आत ठेवले.

यंत्र चालू आहे. वाटीच्या काठावर काळा डाग. श्रीला सांगितलं नाही.

१८ जाने., शनि. धार
काचेचं भांडं आणलं, झाकणाचं. नानांनी हातातसुद्धा घेतलं नाही.

"देवाला काच चालत नाही. चांदी, तांबं, पितळ."

"आणि या यंत्राला काचच चालते."

"मग यंत्र चुकीचं आहे."

दुपारभर हेच. मी म्हटलं दूध-साखरेचा नैवेद्य दाखवा. म्हणाले, "देवाला दूध-साखर आणि मी वरणभात हाणायचा, हे दिसतं का बरं?" त्यांचे आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्यावर होते, रोज दोनशे पानं उठायची, ती वाटी तिथूनच मिळालेली. आणि त्यांचा नातू बटण दाबून भात शिजवतोय. हेही ऐकलं.

माझं डोकं उठलं. म्हटलं, नाना, मग पुण्याला जायची तयारी करा. श्रीने घर विकायचं काढलंय.

बोलायला नको होतं. उठून देव्हाऱ्यापाशी जाऊन बसले. किती म्हातारे दिसले.

१९ जाने., रवि. धार
सकाळी पूजा झाल्यावर स्वतःच म्हणाले, "काच कशाची करतात?"

"वाळूची."

"वाळूची पिंडी करून पूजा करतात. शास्त्रात आहे." मग काचेचं भांडं गंगाजळ शिंपडून घेतलं. शिजवायचं काचेत, बाहेर काढून चांदीच्या वाटीत घालायचं, वर तुळशीचं पान. वाटी आत जाणार नाही. मीच म्हटलं, आज तुम्ही करा, मी बघते.

पहिल्यांदा उतू गेलं. तांदूळ मूठभर, भांडं मोठं घ्यायचं, झाकण तिरकं. दुसऱ्यांदा जमलं. आता अडचण अशी की नैवेद्याआधी चाखायचं नाही, मग शिजलं हे कळणार कसं? शीत काढून बोटाने चेपायचं, मधलं. काढलेलं शीत बाजूला टाकायचं. हे पटलं, कारण आईही तसंच करायची. त्यांनी कडेचं काढलं होतं. कडेचं शिजलेलंच असतं.

आणि बाहेर काढल्यावर झाकून तसंच मुरू द्यायचं, आतली वाफ मधेपर्यंत पोचते. "मुरणं मला शिकवू नकोस." ठीक आहे. किती वेळ, तर एक अथर्वशीर्ष म्हणून होईपर्यंत. हे त्यांचंच. मला आवडलं, पण तोंडावर सांगितलं नाही, चढून बसतात.

परतीला कंडक्टर, "अरे भिया, दीदी को जगह दो." कोणी दिली नाही.

२४ जाने., शुक्र.
गीताभाभींचा फोन. नानांना रात्रभर उलट्या, जुलाब. सकाळी गीताभाभींच्या मुलाने दवाखान्यात नेलं. सलाइन.

रजा टाकली. बस.

२५ जाने., शनि. धार
बरे आहेत. मऊ भात गीताभाभींकडून. चेहरा उतरलाय.

खिचडी खाल्ली होती, माझी. रविवारची, गुरुवारी. डबा निम्म्या रात्री वीज गेलेल्या फ्रिजमध्ये किती वेळ पडला असेल कोण जाणे. पण विचारलं, कशी गरम केलीत? त्यांनी नीट सांगितलं, सगळं. फ्रिजमधून काढली, घट्ट झाली होती, ताटलीत मूद पाडली. छान गोल. मूद तशीच आत. "कडेला हात लावला तर चटका बसला, म्हणजे गरमच की." मधे ढवळलं नाही कारण ढवळून मूद मोडते, आणि पान मोडकं दिसू नये. एकटे जेवतात. कोणासाठी मूद पाडतात?

आईने पन्नास वर्षं मूद पाडून वाढली. मी तरी काय विचारते.

त्या मुदीच्या मधे बर्फासारखं गार राहिलं असणार. त्यांना वाटलं, गार लागतंय ते आपल्याला थंडी वाजतेय म्हणून.

समजावलं. मूद जेवताना पाडा, गरम करताना पसरा. थालीपीठ थापतो तसं, मधे भोक. "भोक कशाला?" म्हणाले. इथे तेल घालायचं नाही, पण मधे काही राहिलंच नाही तर गार काय राहणार? हसले जरासे. निम्म्यावर काढून ढवळा, कडेचं मधे, मधलं कडेला. मग पुन्हा आत. मग झाकून, तुमचं अथर्वशीर्ष. आणि रविवारचं बुधवारपर्यंतच, पुढचं फेकायचं. "अन्न फेकायचं?" हो, फेकायचं. यावर वाद नको म्हटलं.

श्रीला सांगावं लागलं, दवाखान्याचं लपवता येत नाही. तो मार्चमध्ये सुट्टी काढून येतोय, घराचं बघायला. म्हणाला, ताई, तुझाही जीव आहे. ते खरं होतं म्हणून जास्त राग आला.

३० जाने., गुरु. देवास
काही नाही. पाठ दुखते. नानांचा फोन: बुधवारी उरलेला दुधी फेकला. "तुझ्यासमोर फेकला असता तर बरं झालं असतं, विश्वास बसला असता."

८ फेब्रु., शनि. धार
नानांच्या उजव्या हाताच्या पाठीवर फोड. बाह्या ओढून बसले होते, स्वेटर घालून, दुपारी. मी चहा द्यायला गेले तर कप डाव्या हातात घेतला.

चहाचंच पाणी. नुसतं पाणी यंत्रात ठेवलं, बुडबुडे दिसेनात, म्हणून आणखी ठेवलं, बाहेर काढून साखर घातली आणि सगळं उसळून हातावर. हे मलाही माहीत नव्हतं खरं तर. नंतर दिलीपरावांना विचारलं, म्हणाले हो, असं होतं, पाणी वरून शांत दिसतं. आता चहापत्ती आधीच घालायची, आणि पाणी जास्त तापवायचं नाही, आणि काढायची घाई करायची नाही.

"श्रीला सांगू नकोस," नाना म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच.

नाही सांगितलं.

खरं लिहायचं तर, बसमध्ये मनात आलं होतं की जमू नये त्यांना. एकदा होऊन जाऊ दे काय ते. पुण्याला जातील, मी रविवारी झोपेन. नुसतं झोपेन. हे आलं मनात, आणि मग इथे त्यांचा तो डावा हात दिसला. दोन्ही खरं आहे.

२२ फेब्रु., शनि. देवास
गेले नाही. ताप. दिलीपराव एकटेच डबे पोचवून आले. म्हणाले, नाना झकास आहेत, गीताभाभींना यंत्र कसं वापरायचं ते शिकवत होते. "पहले बीच में छेद करो, भाभी." ऐकून हसू आलं, खोकला लागला.

१ मार्च, शनि. धार
महिनाअखेर, काल रात्री उशिरापर्यंत ऑफिस, आज सकाळची बस चुकली, दुसरी इंदूरला बंद पडली. पोचले तेव्हा तीन वाजून गेले असतील. पोटात काही नाही. पिशव्या टाकल्या आणि भिंतीला टेकून बसले.

नाना म्हणाले, "उठू नकोस. मी वाढतो."

ताजी खिचडी. काचेत शिजवलेली, यंत्रात. मला आत येऊ दिलं नाही. घरघर, घंटा, पुन्हा घरघर. मग त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, अथर्वशीर्ष. ताट आणलं. मूद पाडलेली, गोल, वर तूप, बाजूला लिंबाची फोड. आई वाढायची तसं. समोर खुर्ची ओढून बसले, माझ्या तोंडाकडे बघत.

कडेने खाल्ली. गरम, चांगली. मग मधे हात घातला. मधे गार. डाळ कचकचीत.

खाल्ली. सगळी.

"नीट झालीय?"

"छान झालीय, नाना. गरमगरम."

ते खूश. मी मनात म्हटलं, नाही जमत. सगळं शिकवून झालं तरी नाही जमत, आणि शुक्रवारी श्री येतोय. ताट घेऊन उठायला लागले तर म्हणाले, "आज अथर्वशीर्ष निम्मंच म्हटलं. मुरू द्यायला हवी होती, पण तू इतकी भुकेली दिसलीस. आणि मधे ढवळलीही नाही. म्हटलं, आधी लेकीला वाढू."

मी ताट विसळायला आत गेले. नळ सोडून उभी राहिले बराच वेळ.

म्हणजे एरवी सगळं नीट करतात ते. की एरवीही कोणीतरी भुकेलं असतंच, ते स्वतःच, आणि तेव्हाही निम्म्यावरच आटपतात. मला काय कळणार देवासला बसून.

आता श्रीचा मिस्ड कॉल आहे. मेसेजही. "ताई, एका शब्दात सांग. जमतंय का त्यांना?"

नाना बाहेर चांदीची वाटी घासताहेत. तो काळा डाग जात नाही. अजून उत्तर दिलेलं नाही.