ओसवीची जागा

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

आलो एकदाच्या! कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून टोकावडे. एसटीत माझ्या मांडीवर समीक्षा, समीक्षाच्या मांडीवर कुकर आणि कुकरात तिची बाहुली. दिपेश मस्कतला गेल्यापासून डोंबिवलीचं घर खायला उठत होतं. ही दोन वर्षांची नोकरी मिळाली आणि मी एका दिवसात सामान बांधलं.

खोली हौसाबाईंच्या घराला लागून आहे. पुढे ओटा, मागे शेत, लांबवर सिद्धगड. हौसाबाई साठीच्या, बोलायला खमक्या. समीक्षानं आल्या आल्या त्यांच्या सगळ्या कोंबड्यांची नावं विचारली. नावं नाहीत म्हटल्यावर तिनं स्वतःच ठेवायला घेतली. सहा वर्षांची आहे, पण जिभेला हाड नाही. इथल्या शाळेत पहिलीत घातली. आज मी फार खुशीत आहे.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

काम काय ते नीट लिहून ठेवते. पुढे समीक्षा विचारेल, आई तू तिथं करत होतीस काय.

संस्थेनं भातशेतीच्या आणि रानातल्या शब्दांच्या हजारो नोंदी जमवल्यात. त्यातून हवं ते सापडायचं तर प्रत्येक शब्दाला जागा लागते. ते काम इथल्या छोट्या कार्यालयात, संगणकावरच्या कोशाच्या प्रोग्रॅममध्ये चालतं. पडद्यावर एक झाड दिसतं. ‘शेती’वर टिचकी मारली की खाली ‘भात’ उघडतं, ‘भात’खाली ‘राब’, ‘आवणी’, ‘झोडणी’. वरची संज्ञा, खालची संज्ञा, शेजारची संज्ञा, एवढाच खेळ. प्रोग्रॅमचे नियम कडक आहेत. एका बाजूनं नातं लिहिलं की दुसऱ्या बाजूचं तो स्वतः लिहितो. जिच्या वर-खाली काहीच नाही ती संज्ञा अनाथ, ती लाल दिसते. आणि लाल शिल्लक असेल तर मुरबाडचे आमचे साहेब, संदेश, अहवाल घेत नाहीत.

मला हे काम म्हणजे माहेर वाटतं. सासरी सगळे चिडवायचे की ही मिठाच्या काचेच्या बरणीवरही ‘मीठ’ अशी चिठ्ठी लावते. लावते तर लावते! घरात वस्तू हाताला लागतात ना?

बुधवार, १३ ऑक्टोबर

शब्द मिळवायला हौसाबाईंसारखं माणूस नाही. मी विचारते, त्या तांदूळ निवडता निवडता सांगतात, समीक्षा मध्येच लुडबुड करते. एका इरल्याच्या सात भागांची सात नावं आज मिळाली. संध्याकाळी हौसाबाईंना पडद्यावर झाड दाखवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, यात मी कुठं गो बसते? मी म्हटलं, माणसं यात घालत नाही, फक्त शब्द. बरं करतेस, म्हणाल्या.

बुधवार, २० ऑक्टोबर

आज हौसाबाईंकडे नवं शिजलं. नव्या भाताचे वाटे सागाच्या पानांवर मांडतात आणि प्रत्येक पान ठेवताना मोठ्यानं सांगतात, हे कुणाचं. हे गावदेवीचं, हे सासऱ्यांचं, हे बैलांचं. शेवटचं पान मात्र घरात नाही. ते शेतात नेऊन कोंडू आणि राघो या दोन भावांच्या मधल्या बांधावर ठेवलं. ठेवताना कोणी बोललं नाही.

या बांधावरून भावांचा वाद आहे म्हणे. मोजणी झाली, पंच बसले, पण तो मिटवायचा नाही असं दोघांचं ठरलेलं आहे. कारण गावात कुणाचीच नाही अशी एवढीच जागा, आणि पान अशाच जागी ठेवायचं असतं. ऐकून मला हसू आलं. भांडण जपून ठेवणारे भाऊ पहिल्यांदा पाहिले.

पान कुणाचं ते हौसाबाईंनी वाटेत हळू सांगितलं. ओसवी. नाव घेतलं, थांबल्या, भुईला हात लावला, मग दुसरंच बोलायला लागल्या. मी विचारलं, ही रानातली की गावातली? देवी की भूत? तिला कुनाच्या खाली घालायचं नाय, बाय, एवढंच म्हणाल्या.

सोमवार, २५ ऑक्टोबर

संदेशसाहेबांचा फोन. एक तारखेला अहवाल हवा आणि लाल एकही नको. माझ्याकडे चार हजार संज्ञांत एकच लाल उरली होती, ओसवी. हौसाबाईंचं बोलणं मी विसरले नव्हते, खोटं कशाला लिहू? पण चार हजारांत एक ठिपका माझ्या डोळ्यांना टोचत होता. ‘रानदैवतं’खाली घातली. लाल गेलं. हुश्श झालं.

बुधवार, २७ ऑक्टोबर

गंमतच आहे. ‘रानदैवतं’ उघडलं तर ओसवी नाही. शोधली तर सापडली ‘गाव’ › ‘आळी’ › ‘भाड्याची खोली’ या फांदीवर. ‘भाड्याची खोली’ ही संज्ञा मी कधी घातलीच नाही. कार्यालयाची किल्ली माझ्याकडेच असते. वीज सारखी जाते, त्यानं नोंदी इकडच्या तिकडे होत असतील. परत जागेवर नेऊन ठेवली.

दुपारी घरी आले तर समीक्षानं भातुकलीत दोन ताटल्या मांडल्या होत्या. दुसरी कोणाची विचारलं तर गप्प बसली. ही मुलगी गप्प बसली याचंच मला नवल वाटलं.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

शाळेतल्या कमळ बाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या दोघी एका बाकावर बसतात. थोरली बडबडी, धाकटी कशी शांत. मी म्हटलं, मला एकच आहे. त्या हसल्या. मी थट्टाच करते असं त्यांना वाटलं.

तडक कार्यालयात गेले. ‘भाड्याची खोली’खाली आता ‘आई’. ‘आई’खाली दोन नावं. समीक्षा. ओसवी.

समीक्षाचं नाव मी घातलेलं नाही. देवाशपथ नाही.

रविवार, ३१ ऑक्टोबर

ढाब्याशेजारच्या बूथवर दिपेशचा फोन आला. मी काही सांगायच्या आत त्यानं विचारलं, दोघी बऱ्या आहेत ना? ओसूचा खोकला थांबला का?

मी फोन ठेवून दिला.

समीक्षाला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, ती काही करत नाही गं आई, नुसती सरक म्हणते. बाकावर सरक, अंथरुणात सरक. मी सरकते. आता भिंत आली.

सोमवार, १ नोव्हेंबर

हौसाबाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. मग पहिल्यांदा त्या पूर्ण बोलल्या.

फार जुन्या दुष्काळात एक पोर गावात आली. दारोदार उभी राहिली. जो तो म्हणाला, आमची नाय. ती बांधावर मेली. तेव्हापासून तिला जो आपल्यात धरील त्याच्या घरात ती येते. पण घरात पोरांची जागा असते तेवढीच असते. ती जागा मागत नाय, बाय, जागा करते. म्हणून आमी तिला जेवू घालतो, पन कुनाची करत नाय. आणि तू तिला नातं दिलंस?

मी रडले. विचारलं, काढून टाकू का? त्यांना माहीत नव्हतं. आजवर कोणी दिलंच नव्हतं, तर काढायचं कसं ते कोण सांगणार. पोरीला कुठंतरी पाठव, म्हणाल्या. उद्या सकाळच्या गाडीनं समीक्षाला डोंबिवलीला नेते. त्याआधी ती नोंद पुसते. माझ्या हातानं झालं, माझ्याच हातानं निस्तरेन.

मंगळवार, २ नोव्हेंबर, सकाळ

समीक्षाला ओट्यावर हौसाबाईंजवळ बसवलं, दप्तर पाठीला, हातात बिस्किटं. बस साडेनऊची. मी कार्यालयात. वीज गेलेली, संगणक बॅटरीवर, बॅटरी टीं टीं करते आहे. ‘आई’ उघडलं. खाली फक्त ओसवी. समीक्षाचं नाव तिथं नव्हतं, मला वाटलं बरं झालं, आपोआप गेलं. ओसवीच्या पुढे अधिकची खूण होती. म्हणजे तिच्याही खाली काहीतरी होतं. उघडून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. वेळ नव्हता — मला घाई होती — मी घाई केली.

पुसा म्हटलं. त्यानं विचारलं, खालच्या फांदीसकट? मी हो म्हटलं. मुळासकट जाऊ दे म्हटलं.

पडद्यावर दोन ओळी आल्या.

समीक्षा : पुसली.
ओसवी : वापरात आहे, पुसता येत नाही.

मंगळवार, दुपार

धावत आले. ओट्यावर दप्तर. बिस्किटं तशीच. दप्तराशी एक मुलगी बसलेली. समीक्षाच्या फ्रॉकमध्ये. मला पाहून उठली आणि माझा हात धरला. हात गार नाही, काही नाही. साधा, लहान मुलीचा.

हौसाबाईंना किंचाळून विचारलं, समीक्षा कुठाय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, कोन समीक्षा? मग त्या मुलीकडे पाहिलं. घरात गेल्या. दार लावून घेतलं.

शाळेत गेले. हजेरीत दोघींतलं एकच नाव, ओसवी. अक्षर कमळ बाईंचं, जूनपासूनच्या महिन्यांतही — आम्ही तर ऑक्टोबरात आलो.

बुधवार, ३ नोव्हेंबर

मुरबाड. संदेशसाहेबांकडे दर शुक्रवारची प्रत सीडीवर असते. बावीस तारखेची मागितली. माझा अवतार पाहून त्यांनी आधी मला बसवलं. चहा मागवला. प्रत चढवली. झाड पूर्वीसारखं. ओसवी लाल, एकटी. मी समीक्षा शोधली.

नाही. कशी असेल? तेव्हा मी तिला घातलंच नव्हतं. माणसं आपण यात घालत नाही.

खोलीवर आले. ती बसून होती. झाड पूर्वीसारखं झालं तरी ती तिथंच. तिला आता झाड लागत नाही. तिला सगळे ओळखतात.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

विसरायच्या आत —

उजव्या कानामागं तीळ. दुधी नको. कोंबडीचं नाव जिलेबी. पुढचा दात हलत होता. झोपेत पाय माझ्या पोटावर.

समीक्षा. माझी. माझी मुलगी. माझी.

सकाळी तीळ कोणत्या कानामागं ते आठवेना. वर वाचून कळलं. देवा, मला माफ कर. बाळा, मला —

ओसू हट्ट करत नाही. वाढलं तेवढं खाते. अंथरुणात सरक म्हणत नाही. आता जागा आहे.

रविवार

दिपेशचा फोन. ओसू बोलली त्याच्याशी. छान बोलली.

वही चाळली. काय काय लिहिलंय — पानोपानी एक नाव. समीक्षा. अक्षर माझंच. कोण ते ध्यानात येत नाही. वाचताना डोळ्यांतून पाणी येतंय, का ते —

हौसाबाई बोलत नाहीत. काही चुकलं असेल माझं.

ओसू जेवायला हाक मारते आहे. तिला वाढते आणि मग बघते. एवढं नाव असं सुटं राहून कसं चालेल, त्याला कोणाच्या तरी खाली —