एक चेंबर की दोन

४ फेब्रुवारी

पाण्याचा पीएच पुन्हा घसरला! प्रवाळांच्या टाकीचे दिवे लागायच्या आधी मोजला, आठच्या बराच खाली. जांभळ्या प्रवाळाची टोकं पांढरी पडत चालली आहेत. हे आजचं नाही, आई आल्यापासूनचं आहे — असं लिहू नये, पण इथे कोण वाचतंय. बाबा गेले, मग आई माझ्याकडे आली, मागच्या खोलीत टाकीशेजारी तिचा पलंग लावला. घरात तेवढीच एक खोली मोकळी होती. तेव्हापासून टाकीची तब्येत उतरली.

आईचीही. सकाळी उठते ती डोकं धरूनच. आज दूध गॅसवर ठेवून तिथेच उभी होती. दूध उतू जाताना बघत होती, बंद करायचं सुचलं नाही.

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. तिला माझ्याकडे पाठव, तुझ्याकडे तिला करमत नाही, असं त्याचं मत. मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं.

७ फेब्रुवारी

दातांच्या लॅबमध्ये आज एकाची वरची कवळी खालच्या साच्यावर बसवायला निघाले होते. शेजारच्या टेबलावरचीने हात धरला म्हणून वाचले. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि घरी येऊन प्रवाळाची हाडं सांभाळायची. आमचे हे म्हणतात, तुझा जन्म चुन्यातच जाणार.

येताना खारटकाकांच्या दुकानात गेले. समुद्री मासे विकतात आणि बोलतातही तसंच, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. पीएच ऐकून त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग टाकीला चुना पुरवणारा रिअ‍ॅक्टर कोणता ते विचारलं. एका चेंबरचा, तुमच्याच दुकानातला. त्याचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर किती दिवस पुरतो? या वेळी लवकर संपत आलाय, काटा भराभर खाली येतो. बुडबुडे? गॅसचे बुडबुडे पूर्वीएवढेच सोडते, काही बदललेलं नाही.

मान हलवून म्हणाले, एका चेंबरमध्ये असंच होतं. गॅस पुरता वापरला जात नाही, उरलेला तसाच पाण्याबरोबर टाकीत उतरतो, पाणी आंबट करतो. दुसरा चेंबर जोडला की तिथला प्रवाळाचा चुरा तो उरलेला गॅस खातो, टाकीत पडणारं पाणी निवळतं. पण एकाचं आपलं बरं असतं — जोड कमी, कटकट कमी. दोन लावले की गळायला जागाही दुप्पट. मग लावू का नको? तर म्हणे, तुमची टाकी, तुम्ही ठरवा!

निघताना विचारलं, खोलीत कोणी झोपतं का? आई झोपते. खिडकी? बंदच असते. हसले. माणूससुद्धा तोच गॅस सोडतो, म्हणाले. एक तर खिडकी उघडा, नाहीतर दुसरा चेंबर लावा.

घरापर्यंत तेच डोक्यात. आईचा श्वास माझ्या प्रवाळांना बाधतोय.

८ फेब्रुवारी

खिडकीचं आज सहज सुचवल्यासारखं केलं. आई एकदम म्हणाली, नको, बाहेरचा आवाज येतो. बाहेर एक बोळ आणि शेजाऱ्यांचं कुत्रं, तेही म्हातारं. पण तिचा चेहरा बघून खिडकी तशीच राहू दिली. या घरात तिने आजवर एवढी एकच गोष्ट मागितली आहे.

रिअ‍ॅक्टर म्हणजे काय भानगड आहे, तेही विचारलंन. सांगितलं — नळकांड्यात जुन्या प्रवाळाचा चुरा, त्यातून टाकीचं पाणी फिरवायचं, त्यात सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडायचा. चुरा विरघळतो, ते पाणी थेंबथेंब टाकीत पडतं, त्यातून जिवंत प्रवाळ आपली हाडं बांधतात. आईने वाकून चुरा बघितला. म्हणाली, "म्हणजे गेलेल्यांवरच चाललंय सगळं." मग पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. अगदी तोच!

१० फेब्रुवारी

डॉक्टर. बीपी ठीक, साखर ठीक. वय आहे, दुःख ताजं आहे. तरी मेंदूचा फोटो काढून घ्या म्हणाले. आई बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही नाही. खोटं बोलताना माझा आवाज चांगलाच ठणठणीत निघाला.

१३ फेब्रुवारी

दादा आईला दोन दिवसांसाठी घेऊन गेला आहे. आज फोन. आई तिथे टुणटुणीत आहे! सकाळी डोकं धरणं नाही, विसरणं नाही, नातीला पत्त्यांत हरवलं. दादा काही टोचून बोलला नाही, तेच जास्त टोचलं.

इकडे आई नाही म्हणून खोली सताड उघडी ठेवली होती. पीएच वर! जांभळ्याच्या टोकांवरही तरतरी. म्हणजे आईवाचून टाकी बरी आणि माझ्यावाचून आई बरी. हिशेब सरळ आहे. मला तो बघवत नाही.

१४ फेब्रुवारी

आई आली. रविवारी दादा येणार, तो कायमचंच न्यायला. तिला विचारलं, तुला काय हवंय? म्हणाली, "इथे झोप लागते गं मला." बस. एवढंच म्हणाली.

ठरलं माझं. दोन चेंबर. खिडकी बंद राहू दे, आई खोलीत राहू दे. पाण्याचं काय ते यंत्र बघेल. ह्यांनी विचारलं, आईंचा पलंग हॉलमध्ये का नाही लावत? तिला "उठ इथून" कोण म्हणणार? मी तर नाही.

१५ फेब्रुवारी

लिहिता येत नाहीये नीट.

दुसरा चेंबर जोडला. ह्यांनी नळ्या धरल्या, चुकीच्या धरल्या, तरी जोडला. गळायला जागा दुप्पट, म्हणून सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला — लॅबमध्ये बर्नरची नळी बदलली की लावतो तसा. नवे जोड सगळे ठीक, गळतीचा एकही फुगा नाही. ब्रशावर थोडा फेस उरला होता, तो सहज सिलिंडरच्या नटवर फिरवला.

फुगा आला. फुटला. पुन्हा आला.

जुना नट. आई आली त्याच दिवशी सिलिंडर भरून आणला होता. तिला आणायला स्टेशनवर जायची घाई. नवा वॉशर पुडीतच राहिला, जुना चेपलेला तसाच पिळून बसवला, नंतर बदलू म्हणून. फेसही तेव्हा लावला नाही. पुडी खणातच सापडली.

आईचा श्वास नव्हता तो! माझा सिलिंडर होता. रात्रभर बंद खोलीत आईच्या उशाशी गळत होता, आणि मी तिच्या मेंदूचा फोटो काढायला निघाले होते. तिथेच फरशीवर बसले. ह्यांनी आधी खिडकी उघडली, मग मला पाणी दिलं. नवा वॉशर मीच बसवला. पुन्हा फेस लावला. पुन्हा लावला. काही नाही.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. तिने नटकडे पाहिलं, सिलिंडरवर हात ठेवला आणि "बरं" म्हणाली.

डॉक्टरांना फोन केला. फोटो तूर्त राहू दे, हवा खेळती ठेवा, आठवडाभराने आणा म्हणाले. दादालाही कळवलं. तो आधी ओरडला, मग म्हणाला, रविवारी येतो, पण न्यायला नाही, बघायला.

१६ फेब्रुवारी

पीएच चांगला. आई उठली ती डोकं न धरता! चहा तिनेच केला. मी हसत सुटले. दुसरा चेंबर आता हवा की नको कोण जाणे, राहू दे बिचारा. खिडकी अर्धी उघडी ठेवली होती, आईने ती लावली नाही.

१७ फेब्रुवारी

आईचे डोळे आज लाल. डोकं हलकं आहे म्हणाली, पण दोन्ही रात्री झोप नाही. मी म्हटलं, खिडकीतून कुत्र्याचा आवाज येतो का? नाही म्हणाली. तो दुसरा आवाज बंद झाला ना, म्हणून. कोणता आवाज? मला तर त्या खोलीत पंपाच्या घरघरीशिवाय कधी काही ऐकू आलेलं नाही.

"पंप नाही गं. बारीक, फुस्स असा. तुझे बाबा झोपेत असाच श्वास सोडायचे. तो ऐकू यावा म्हणून तर खिडकी लावून घ्यायचे मी."