साडेनऊ मार्कांचा लालटोप्या

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि माझी उशी. घर झकास आहे. स्वयंपाकघरात ऊन येतं, नळाला जोर आहे, पलंग कुरकुरत नाही. साहेब उद्या दोन आठवड्यांसाठी बाहेरगावी जाणार. तोवर घर सांभाळायचं, झाडायचं-पुसायचं आणि येतील ती पार्सलं घ्यायची. दाराशेजारी खिळ्याला सुतळीने एक जाड वही टांगलीय. कोणतं पार्सल किती वाजता आलं ते तिच्यात लिहायचं. मी चौथी शिकलेली, पण तेवढं येतं. मागची पानं कोरीच आहेत, म्हणून तिथे माझं लिहितेय. नाहीतर बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

सोळा तारखेच्या रविवारी लेक तिच्या मुलीला आठवडाभर माझ्याकडे सोडणार आहे. साहेब लगेच हो म्हणाले. नात सहा वर्षांची. आम्ही तिला चिमटी म्हणतो. दिसेल ती वस्तू चिमटीत धरून पळते म्हणून. तिच्यासाठी खिडकीखाली गादी घालणार आहे.

मंगळवार, ४

पार्सलांत काय असतं ते आज कळलं. खेळणी! एवढा केस पिकलेला बाप्या, कॉम्प्युटरवर लिलाव लागतो तिथे बोली लावून जुनी खेळणी घेतो. वीतभर शिपाई, राक्षस, अंतराळवीर. प्रत्येक जण पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद. डबीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर दहापैकी मार्क. जेवढं कोरं करकरीत, तेवढे मार्क जास्त. मला शाळेत कधी चाराच्या वर मिळाले नाहीत, आणि हे ठोकळे नऊ-नऊ घेऊन बसलेत. चित्रांच्या गोष्टींची पुस्तकंसुद्धा तशीच चिणून ठेवलीत. वाचायची तर फोडावी लागतात, आणि फोडली की मार्क गेले. मग घेता कशाला, असं मी तोंडावरच विचारलं. साहेब हसले. म्हणाले, मावशी, ज्याच्याशी कधीच कुणी खेळलं नाही, त्यालाच किंमत. फक्त काही उघडू नका. एवढं बोलून बॅग उचलून गेले.

गुरुवार, ६

सकाळी अकराला पार्सल. आत एक अंतराळवीर. निळा अंगरखा, डोक्यावर लाल टोप, ओठांवर रंगवलेलं हसू. मी त्याला लालटोप्या म्हणते. मार्क साडेनऊ. साहेब फोनवर फार खुशीत होते. चाळीस वर्षं डबीबाहेर आलेला नाही आणि अगदी स्वस्तात मिळाला म्हणे, विकणाऱ्यालाच घाई होती. मधल्या फळीवर ठेवायला सांगितलं. ठेवला. पण डबीत आतून धूळ आहे आणि त्याच्या गालावर काळा डाग. साडेनऊ मार्क कुणी दिले याला? आंधळा होता का मास्तर?

शुक्रवार, ७

मला घाण बघवत नाही, त्याला मी काय करू? भाजीच्या सुरीने सील अलगद कापलं. लालटोप्याला बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसला. काखेतही धूळ होती, म्हणून उजवा हात वर केला. खांद्यात कर्र झालं. अंग कोमट लागलं. उन्हात होता म्हणून असेल. हात खाली करून परत ठेवला, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली. साहेबांच्या बापाला कळणार नाही.

शनिवार, ८

डबीत लालटोप्याचा उजवा हात वर आहे. मी खाली केला होता. केलाच होता.

दुपारी दोनला खुर्चीत डुलकी लागली. चारला जाग आली तेव्हा माझा उजवा हात सरळ वर, छताकडे. पार बधिर झालेला. डाव्या हाताने ओढून खाली आणावा लागला. वय झालं, दुसरं काय.

सोमवार, १०

दुपारी खुर्चीत झोपले आणि फळीसमोर उभी असताना जाग आली. गुडघे अर्धे वाकवलेले, मान एका अंगाला वळवलेली. काल डबीचं तोंड मी भिंतीकडे फिरवलं होतं. आज तो माझ्याकडे बघत होता.

मंगळवार, ११

आज कपाटावर जाग आली. या वयात, या वजनाची बाई कपाटावर, पाय खाली सोडून. पोरं बाहुली नेऊन बसवतात ना उंचावर, तशी. उतरताना गुडघा फुटला. कमरेला दोन्ही बाजूंनी लाल वळ उठलेत. चिमटीत धरून उचलल्यासारखे.

साहेबांना फोन करून सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. नाही घातल्या. एवढंच विचारलं की त्याचा हात हलवलात का. हो म्हटलं. मग विचारलं, म्हणजे त्याच्याशी खेळलात? मी म्हटलं, पुसण्याला खेळणं म्हणतात का तुमच्यात? मग म्हणाले, विकणाऱ्याने लिहिलं होतं, चाळीस वर्षं याच्याशी कुणी खेळलेलं नाही, लहान मूल असलेल्या घरात देणार नाही. मला वाटलं भाव चढवायला लिहितोय. मावशी, नातीला आणू नका.

फोन ठेवला. मी लावतेय, ते उचलत नाहीत.

बुधवार, १२

लेकीला सांगितलं, येऊ नका. का, म्हणाली. काय सांगू? खेळणं मला उचलतं? मी खेकसले, नको म्हटलं ना! ती हसायलाच लागली. आई, तू दर वेळी असंच करतेस, गेल्या खेपेलाही नको म्हणालीस आणि दारात वाट बघत उभी होतीस. तिकिटं काढलीत. चिमटीने पिशवी भरून दाराशी ठेवलीय म्हणे.

जन्मभर गोड बोलले असते, तर आज माझ्या खेकसण्याला घाबरली असती.

गुरुवार, १३

म्हटलं, मीच जाते निघून, लेकीच्या घरीच गाठते त्यांना. पिशव्या घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले. पाय वळले. माझेच पाय, मला न विचारता. जागी असताना. भर दुपारी.

लालटोप्याला कचऱ्यात टाकायला उचलला, मूठ आवळली. माझ्याच बरगड्या आवळल्या. श्वास — त्याला सोडून दिला.

शुक्रवार, १४

उजव्या हाताची बोटं जुळली. चारही एकत्र, अंगठा तेवढा वेगळा. लालटोप्याच्या हाताला आहेत तशी. फोनचं बटण दाबता येत नाही. खाली पडला, पलंगाखाली गेला. वाकताही येत नाही.

डाव्या हाताने लिहितेय. चिमटीची गादी मी गुंडाळून ठेवली होती. परत घातलेली आहे. खिडकीखाली. कुणी —

शनिवार, १५

डबी रिकामी. चिकटपट्टी आतून फाटलेली.

दाराला कडी लावली. मुठीखाली खुर्ची अडकवली. दाराशीच बसलेय, वहीजवळ. उद्या आवाज करायचा नाही. कुणी नाही असं समजून परत जातील. जातीलच.

ओठ ताणले गेलेत. खाली येत नाहीत.

रविवार, १६

घंटा वाजली.

चिमटीचा आवाज. आजी, आजी, दार उघड, तुला गंमत दाखवते. लेक म्हणतेय, आत हालचाल ऐकू येतेय, आहे ती, रुसली असेल.

ओरडायचंय. पळा म्हणायचंय. तोंड उघडत नाही. रंगवलेलं —

उभी केली मला. मी नाही उठले.

उजव्या हाताने खुर्ची सरकवली.

डावा अजून माझा आहे. लेकी, हे पान फाडून फटीतून सरकवते. वाच. तिला उचल आणि पळ, मागे बघू नकोस, मी काहीही बोलले तरी —

फाटत नाही. जाड कागद. दुसऱ्या हाताने वही धरायला हवी. दुसरा हात कडीवर आहे. चिमटी दाराला गाल लावून हसतेय. कडी —